पाणी वाढलं

लग्न होऊन चेन्नईत आले आणि पहिल्याच आठवड्यात मी सगळ्या घराला अळणी आमटी खायला घातली. आदल्या दिवशी सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या होत्या, "मीठ वाढलं गो." मला वाटलं, आमटीत मीठ जास्त झालं हे त्या नव्या सुनेला गोड शब्दांत सुचवतायत. मी सोलापूरची. आमच्याकडे कुणी गोड शब्दांत सुचवत नाही, तोंडावर सांगतात. त्यामुळे ते फारच लागलं आणि दुसऱ्या दिवशी मी आमटीत मीठ घातलंच नाही. सगळे निमूटपणे जेवले. नवऱ्याने हात धुता धुता विचारलं, तेव्हा उलगडा झाला. मिठाची बरणी रिकामी झाली होती, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

या घरात 'संपलं' म्हणत नाहीत. मीठ, तांदूळ, तेल, हळद, काहीही संपत नाही, ते 'वाढतं'. बांगडी फुटली की वाढली म्हणायचं, हे मलाही ठाऊक होतं. पण आम्ही बांगडीपाशी थांबलो होतो. तंजावरकडून आलेल्या या मराठी लोकांनी तो शब्द कितीतरी पिढ्या जपला आणि घरातल्या डब्याडब्याला लावून टाकला. शेजारच्या तमिळ बायकाही तांदूळ नाहीत म्हणत नाहीत, डबा भरलाय म्हणतात. तेव्हा इथे कुणालाच त्यात वावगं वाटत नाही.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. ही हाक आमच्या सोलापुरात केव्हाच बंद पडली, पण त्यांना तीच आवडायची. त्यांची मराठी ऐकताना मला पणजीशी बोलल्यासारखं वाटायचं, फक्त ही पणजी मधेच फोन उचलून भाजीवाल्याशी तमिळमध्ये कडाकडा भांडायची. आमचं मेतकूट लगेच जमलं नाही. मी फटकळ, त्या अतिशय मर्यादशील. पाहुण्याने चुकीचं काही सांगितलं तरी "होय, होय" म्हणून मान डोलवायच्या. या 'होय होय'चा मला तेव्हाही राग यायचा.

टी. नगरला लागून असलेल्या आमच्या गल्लीत पूर्वी त्यांचं बैठं घर होतं. ते पाडून फ्लॅट झाले, पण मागच्या कोपऱ्यातली विहीर राहिली आणि विहिरीत एक कासव राहिलं. पाणी स्वच्छ राहावं, किडे-शेवाळं खावं म्हणून आत्याबाईंच्या सासूने ते सोडलेलं. त्याचं वय कुणालाच माहीत नव्हतं. आत्याबाई रोज सकाळी वाकून बघायच्या आणि पाठ दिसली की शिळ्या भाताचा घास टाकायच्या. फ्लॅटमधले बाकीचे लोक हसायचे. मीही हसायचे.

मग तो उन्हाळा आला, ज्यात शहराचे तलाव तळाला गेले. हॉटेलांनी हात धुवायच्या बेसिनांना कुलपं घातली. गल्लीत पाण्याची लॉरी आली की रंगीबेरंगी प्लास्टिकच्या घागरींची रांग लागायची आणि एरवी एकमेकींना गजरे देणाऱ्या बायका एकमेकींच्या सात पिढ्या काढायच्या. दुष्काळ मला नवा नव्हता, मी टँकरच्या मागे धावतच मोठी झाले. आत्याबाईंना तो नवा होता. त्यांच्या आयुष्यात ती विहीर कधी आटली नव्हती. गाळ काढायला एका माणसाला दोर बांधून खाली सोडलं, तेव्हा त्या काठाशी उभ्या होत्या. त्याने वर पाठवलेल्या एका बादलीत चिखल होता आणि चिखलात कासव होतं. मेलेलं. आत्याबाईंनी नारळाच्या बुंध्याशी खड्डा करून ते पुरून घेतलं आणि वर येऊन झोपल्या.

त्या दिवसापासून त्यांनी पाणी कमी केलं. आधी आमच्या लक्षातच आलं नाही. दुष्काळात सगळेच काटकसर करत होते. पण पाऊस झाला, इमारतीखालची टाकी भरली, नळाला पाणी आलं, तरी त्यांची काटकसर चालूच. अंघोळीऐवजी ओल्या फडक्याने अंग पुसायच्या. पलंगाखाली भरलेल्या बाटल्यांची रांग असायची आणि तिला कुणी हात लावलेला चालायचा नाही. जेवताना अर्धा टंबलर पाणी, तेही आम्ही बघतोय म्हणून. मी म्हणायचे, "आत्याबाई, पाणी आहे हो घरात, प्या." त्या म्हणायच्या, "होय, होय." मग एका वर्षी पुराने गल्लीत गुडघ्याच्या वर पाणी चढलं. खालच्या मजल्यावरचे लोक गाद्या डोक्यावर घेऊन जिन्यात बसले. सगळं शहर पाण्यात आणि आमच्या घरात एक बाई तहानलेली.

माझी मुलगी तांबरमच्या कॉलेजात पर्यावरण शिकत होती. आजीशी तिची तमिळ-मराठीची खिचडी चालायची. अभ्यास करता करता तिने आजीला सगळं सांगितलं, हवा का तापते, बर्फ का वितळतो, पाऊस एकदम का कोसळतो आणि मग वर्षभर का रुसतो. "पाटीला सगळं समजतं," असं ती कौतुकाने म्हणायची. पाटी म्हणजे आजी. समजतच होतं, तीच तर पंचाईत होती. मी त्यांना वेड्यात काढू शकले असते, तर बरं झालं असतं. पण बातम्या बघून त्या एवढंच म्हणायच्या, "भूमीला ताप आलाय. आता पाणी वाढणार." आणि मी बातम्या बंद करायचे.

लघवीला जळजळ, ताप, पुन्हा औषध, पुन्हा जळजळ असं सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, भरपूर पाणी प्या. आत्याबाई म्हणाल्या, "होय, होय." तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. औषधं देऊन उपयोग नाही, हे मनाचं दुखणं आहे, आणि या वयात मूत्रपिंडं असं फार दिवस सोसणार नाहीत, असं त्यांनी स्पष्टच सांगितलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. नवरा श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात, कंपनीची बस पहाटे घेऊन जायची ती संध्याकाळी आणून टाकायची. घरात मी आणि त्या. टंबलर भरून त्यांच्यासमोर धरायचं, त्या घोटभर घेणार आणि मी वळले की उरलेलं बाटलीत ओतणार. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते मी अक्षरशः करत होते.

मुलीनेच ती ऑनलाइन सेवा शोधली. हवामान बदलाच्या धसक्याने ज्यांची झोप उडाली, खाणं-पिणं सुटलं, अशांशी बोलणारे समुपदेशक होते. असं काही असतं यावर माझा विश्वास बसेना. आमच्या लहानपणी पाऊस पडला नाही तर लोक आभाळाला शिव्या द्यायचे, समुपदेशकाकडे जायचे नाहीत. पण भाषा निवडायची होती, त्यात मराठीही होती. आत्याबाईंना विचारलं. तमिळ त्यांना जास्त सोपी, तरी त्या चटकन म्हणाल्या, "मराठीच. तमिळ बोल्लो तर भिंतीपलीकडे अस्क्यांना कळत्ये." अस्के म्हणजे सगळे. खरंच होतं ते. आमच्या फ्लॅटच्या भिंती पापडासारख्या. घरातलं भांडण, आजारपण, जे जे झाकायचं ते हे लोक पिढ्यान्‌पिढ्या मराठीत झाकत आले होते.

समुपदेशक मुलगी कोल्हापूरकडची होती, चष्मेवाली, हसरी. पहिल्या दिवशी तिने आम्हाला नमस्कार केला आणि अतिशय नम्रपणे खोलीबाहेर जायला सांगितलं. नियमच होता तो, आणि बरोबरच होता. आत्याबाई दर वेळी इस्त्रीची साडी नेसून, कानाला हेडफोन लावून टॅबलेटसमोर बसायच्या. सुरुवातीला त्या पडद्याला विचारायच्या, "कॉफी घेशील का गो?" मी आणि मुलगी दाराबाहेर तोंडावर हात धरून हसायचो.

आणि त्यांच्यात फरक पडला. खरोखर पडला. झोप लागू लागली. पलंगाखालच्या बाटल्यांपैकी काही त्यांनी स्वतः कुंड्यांना ओतल्या. त्या मुलीने मला एकदा फोन करून सांगितलं, "काकू, त्या आता पाण्याचा विचार शांतपणे करतात. खूप मोठी गोष्ट आहे ही." मला इतकं बरं वाटलं की मी त्या दिवशी शिरा केला.

फक्त एक होतं. पाणी पिणं वाढलं नव्हतं. उलट कमी झालं होतं. आता त्या टंबलर घेतच नव्हत्या. देवापुढच्या पंचपात्रातून पळीने तळहातावर पाणी घ्यायच्या, तीर्थ घेतात तसं, आणि तेवढ्यावर समाधानाने उठायच्या. ओठांना भेगा पडल्या होत्या. हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची. मी टोकलं की पूर्वी त्या नजर चुकवायच्या, आता शांतपणे हसायच्या. मन सुधारलं की शरीर मागून सुधारेल, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. माणूस हसताना दिसला की आपण फार प्रश्न विचारत नाही.

मे महिना होता, कत्तिरीचे दिवस. वर्षातल्या सगळ्यांत जाळणाऱ्या उन्हाला इथे कत्तिरी म्हणतात. वीज गेली होती. हेडफोन बिघडलेले, म्हणून टॅबलेटचा आवाज मोकळा होता, आणि वाऱ्यासाठी आत्याबाईंनी दारही उघडं ठेवलं होतं. मी बाहेर कपड्यांच्या घड्या घालत होते. कोल्हापूरच्या मुलीचा मऊ आवाज आला.

"डोळे मिटलेत ना आजी? आता बघा, पाणी गुडघ्याखाली आलंय. हळूहळू उतरतंय. घोट्यापर्यंत आलं. आता जमीन दिसायला लागली. पाणी चाललंय, जाऊ द्या त्याला. बघा, सगळं कोरडं झालं. कसं वाटतंय?"

"बरं वाटतंय," आत्याबाई म्हणाल्या.

हातातला टॉवेल तसाच घेऊन मी आत गेले. मला काय झालंय हे मलाच कळत नव्हतं, पण तोंडचं पाणी पळालं होतं. मी टॅबलेटसमोर वाकून विचारलं, "यांनी तुम्हाला पाणी वाढलं म्हणून सांगितलं ना? तुम्ही काय समजलात?"

ती गोंधळली. "पूर," ती म्हणाली. "चेन्नईचे पूर... आणि आमच्याकडे नदीचं पाणी वाढलं की आम्ही सामान माळ्यावर टाकतो, काकू. मी स्वतः दोनदा त्यातून गेलेय."

"यांच्याकडे वाढलं म्हणजे संपलं," मी म्हणाले. "पाणी संपलं. यांना पाणी संपायची भीती आहे."

पडद्यावर तिने चष्मा काढून हातात घेतला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "ते कासव... मी त्यांना विचारलं होतं, कासव पुरात कसं मेलं. त्या म्हणाल्या, विहिरीत पाणी वाढलं म्हणून मेलं. मला ते विचित्र वाटलं होतं. पण 'म्हणजे पुरातच ना?' असं विचारल्यावर त्या लगेच होय होय म्हणाल्या आणि मी पुढे गेले."

म्हणजे आठवड्यामागून आठवडे, जिला पाणी आटण्याचा धसका होता तिला आम्ही डोळे मिटून पाणी आटताना बघायला बसवत होतो. मला संताप आला. त्या क्षणी ती पोर समोर असती तर मी तिला काय बोलले असते, सांगता येत नाही. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात आत्याबाईंनी माझा पदर धरून मला मागे ओढलं.

"तिला ओरडूं नको," त्या म्हणाल्या. "तुमी अस्के मला लहान मूल करूनु ठेवलंत. पाणी आहे, पी, मणता. ही एकटी खरं सांगत्ये. पाणी जात्ये, जाऊं दे, भिऊं नको मणत्ये. हिच्यामुळे माझी भीती गेली."

एकाच घरात आम्ही तिघं त्यांना खोटा धीर देत होतो, आणि चुकून का होईना, त्यांच्या भीतीला भीती न म्हणता समोर बसून ऐकणारं माणूस त्यांना पडद्यावर भेटलं होतं. त्यांच्या लेखी ती त्यांना शेवटच्या दिवसांची तयारी शिकवत होती. त्या मन लावून शिकल्या होत्या.

ती समुपदेशक मुलगी पळून गेली नाही, हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं. दुसऱ्याच दिवशी तिने पुन्हा वेळ घेतली आणि आत्याबाईंच्या परवानगीने मलाही शेजारी बसवलं. तिने आडपडदा न ठेवता त्यांची माफी मागितली. शब्द कसा चुकला ते समजावून सांगितलं. आत्याबाई ऐकून खुदकन हसल्या. "तुझी मराठी अजून नवी आहे गो, शिकशील," म्हणाल्या. त्या दिवशी त्या कासवाबद्दल पहिल्यांदा नीट बोलल्या. बादलीतून काढलं तेव्हा त्याचं तोंड उघडं होतं, हे त्यांनी मला इतक्या वर्षांत कधीच सांगितलं नव्हतं.

मग त्या मुलीने एक साधी गोष्ट केली. बोलता बोलता तिने तिकडे पाण्याचा ग्लास उचलला आणि म्हणाली, "आजी, मला एकटीला प्यायला लाज वाटते." आत्याबाईंच्या मर्यादेत पाहुण्याला एकट्याने पिऊ देणं बसत नव्हतं. त्यांनी टंबलर उचलला आणि थोडं थोडं करून रिकामा केला. मी खिडकीकडे बघत राहिले, माझ्याकडे बघून त्या थांबतील या भीतीने. पुढे रोज संध्याकाळी ती फक्त पाणी प्यायला म्हणून कॉल करायची. जास्त बोलणं नसायचं. इकडे एक टंबलर, तिकडे एक ग्लास. मला वाटलं, वाचलो. मनापासून वाटलं.

पण शरीराचा हिशेब वेगळाच चालला होता. कत्तिरी संपायच्या आत त्यांना थंडी वाजून ताप भरला, पाय सुजले, आणि त्यांनी मला माझ्या मुलीच्या नावाने हाक मारली. रिक्षातून हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि नवऱ्याला आणि मला समोर बसवून सांगितलं की दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ थांबली आहेत. डायलिसिस करू, बघू. आणि आता पाणी द्यायचं नाही. शरीर ते बाहेर टाकत नाही, फुप्फुसात साठेल. ओठ ओले करायला कापसाचा बोळा, आणि औषधापुरतं औषधाच्या टोपणात मावेल तेवढं.

मी त्यांना म्हणाले, पुन्हा सांगा. त्यांनी पुन्हा सांगितलं, तेच.

आणि त्यानंतर आत्याबाईंना तहान लागली. खरीखुरी, पोटातून. जिला पाणी पाजायला मी वर्षानुवर्षं हातापाया पडले, ती बाई डायलिसिसहून परत आली की कोरड्या जिभेने माझ्याकडे बघून पाणी मागायची. लाजत नव्हत्या, वाचवत नव्हत्या. "दे गो. थोडं दे." कुणी हसावं की रडावं? मी रडायचे, बाथरूममध्ये जाऊन, नळ सोडून. तो नळ वाहताना बघून मला पुन्हा भडभडून यायचं.

मी त्यांना समजावलं. मूत्रपिंडं, सूज, फुप्फुस, सगळं. त्या ऐकायच्या, मान डोलवायच्या, आणि थोड्या वेळाने पुन्हा मागायच्या. माझ्या मुलीने तमिळमधून सांगितलं, नर्सने सांगितलं. कोल्हापूरची मुलगी फोनवर त्यांच्याशी बोलली आणि बोलता बोलता तिचाच आवाज फुटला. पाणी आहे, पण द्यायचं नाही, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरत नव्हती. शिरावी तरी कशी? पाणी नसलं तरच देत नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

एका दुपारी खिडकीबाहेर ऊन नुसतं भाजत होतं. मी कापसाचा बोळा ओला करून त्यांच्या ओठांवरून फिरवत होते. त्यांनी माझं मनगट धरलं. हाताला जोर नव्हता, पण बोळा सोडवेना. जिभेने तो चोखून घेतला आणि माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "इकडेही लॉरी आली नाही?"

समजावण्याची ताकद माझ्यात उरली नव्हती. मी म्हणाले, "नाही आली, आत्याबाई."

त्यांनी माझं मनगट सोडलं. त्यांना माझं पटलं होतं. कितीतरी दिवसांत मी सांगितलेलं काही त्यांना पहिल्यांदा पटलं. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं, जणू धीर मलाच हवा होता, आणि म्हणाल्या, "मग असूं दे. आल्यावर आधी तुझ्या पोरीला दे."

त्यानंतर त्यांनी पाणी मागितलं नाही.